वेणीचा पाव आणि काळा गोळा

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता शैला पोतनीसनं आपल्याच स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आणि सांगून टाकलं, की आज या घरात गॅस पेटणार नाही. चहाचा दुसरा कप मागायला आलेले कृष्णकांतराव रिकामा कप हातात धरून तिथेच उभे राहिले.

"म्हणजे चहासुद्धा नाही?"

"नाही. दुधाची भांडी आणि मटणाची भांडी आपल्याकडे एकाच सिंकमध्ये घासतात. बाईंना ते चालायचं नाही. आज फक्त फळं, खजूर, बदाम आणि रुवीच्या बेकरीतला पाव. नवा चाकू आणलाय, कागदी प्लेटा आणल्यात. तुम्ही फक्त पाव आणा. तेवढं एक काम नीट करा."

बाई म्हणजे रिबेकाबाई आवसकर. ठाण्याच्या शाळेत त्या शैलाला गणित शिकवायच्या. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यानपिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू. शैला दहावीत गेली त्या वर्षी तिचे वडील वारले, आणि गणितात तर ती आधीपासूनच गटांगळ्या खात होती. बाई वर्षभर रोज संध्याकाळी घरी येऊन तिला शिकवत राहिल्या, एक पैसा न घेता. शैलाची आई रोज त्यांच्यापुढे बशी ठेवायची आणि बाई रोज म्हणायच्या, "आमच्यात चालत नाही हो. एखादं फळ असलं तर द्या." निकालाच्या दिवशी आईनं पुरणपोळ्या केल्या. बाईंनी ताट हातात घेतलं, वास घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि ताट बाजूला सारलं. आईला ते फार लागलं. मरेपर्यंत ती म्हणत होती, "पोरीला पास केलं बाईंनी, पण माझ्या घरचा एक घास नाही घेतला."

एकोणचाळीस वर्षांनी बाई दुबईला भाच्याकडे आल्या होत्या आणि तिथून खास शैलासाठी दोन दिवस मस्कतला. आज दुपारी दीड वाजता त्या अल् खुवैरला शैलाच्या घरी जेवायला येणार होत्या. घ्यायला येऊ नका, मी टॅक्सीनं येईन, असं त्यांनी बजावलं होतं. आईला जमलं नाही ते आज शैलाला करायचं होतं. बाईंनी आपल्या टेबलावर बसून आपण वाढलेलं काहीतरी खावं, एवढंच तिचं मागणं होतं.

रुवीच्या बेकरीचा शोध खालच्या मजल्यावरच्या किशोरीनं लावला होता. "अगं, तिथले भट्टीवाले बाबामियाँ तरुणपणी मुंबईत एका ज्यू शेठच्या बेकरीत होते," तिनं सांगितलं होतं. "शेठनं शिकवलं तस्सं करतात अजून. पीठ तीनदा चाळतात, चरबीचा हात नाही, अंडंसुद्धा वाटीत फोडून बघून घेतात. शुक्रवारचा वेणीचा पाव घ्यायला कुठून कुठून लोक येतात." हे सगळं शैलानं रात्री कृष्णकांतरावांना जसंच्या तसं सांगितलं. ते मान हलवत होते आणि मोबाइलवर क्रिकेट बघत होते. त्यामुळे त्यांच्या डोक्यात 'रुवी' आणि 'पाव' एवढे दोनच शब्द शिरले. पुढचं सगळं रामायण या मान हलवण्यातून घडलं.

कृष्णकांतराव एका इंजिनिअरिंग कंपनीत कागदपत्रं सांभाळायला होते. बुद्धीनं चालणारा माणूस. भुताखेतांवर आपला विश्वास नाही, असं ते चारचौघांत सांगत. पण भुतांचा आपल्यावर विश्वास असला तर काय घ्या, म्हणून ते जपूनही राहत. लहानपणी गुहागरला आत्यानं त्यांच्या डोक्यात काही नियम घट्ट बसवून ठेवले होते. भर दुपारी तिठ्यावर रेंगाळायचं नाही, कुणाचा उतारा ओलांडायचा नाही, आणि मागून हाक आली तर ओ द्यायची नाही. मस्कतला येऊन सव्वीस वर्षं झाली तरी नियम जागच्या जागी होते.

रुवीतली ती गल्ली गाड्यांनी तुंबलेली होती. बेकरीबाहेर तीसेक माणसं हातात टोकन घेऊन उभी होती, आणि नवल म्हणजे कुणी बोलत नव्हतं. जूनमधलं ऊन, वर शुक्रवारच्या नमाजाच्या आत घरी पोचायची घाई. सगळे त्या काउंटरमागच्या काळ्या दाराकडे टक लावून बघत होते. कृष्णकांतरावही उगाचच तिकडे बघायला लागले. काउंटरवरचा हमझा, दाढीवाला, गोरागोमटा माणूस, त्यांच्याकडे बघून म्हणाला, "पोतनीस सर? आप अंदर जाइये. बाबा बुला रहे हैं."

नाव याला कसं कळलं, हा प्रश्न कृष्णकांतरावांच्या मनात आला तेव्हा ते काळ्या दाराच्या आत होते. शैलानं सकाळी फोन करून नाव, गाडीचा रंग आणि नवऱ्याच्या टकलाचं वर्णन कळवलं होतं, पण ती गोष्ट तिनं त्यांना सांगितली नव्हती.

आत दिवा नव्हता. भट्टीच्या तोंडातून येणारा लाल उजेड तेवढा भिंतीवर हलत होता. समोर पाटावर एक म्हातारा बसला होता. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला, त्यामुळे तो आपल्याकडे बघतोय की आपल्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे, ते कळेना. कृष्णकांतरावांनी एकदा मागे बघून घेतलं.

"या," बाबामियाँ म्हणाले. "तुमचीच वाट बघत व्हतो."

"माझी?"

"पाव जिच्यासाठी हाय, ती बाय आजच येनार ना?"

"हो. दीड वाजता."

म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. मग समोरच्या कणकेतून लिंबाएवढा गोळा तोडला, तळहातावर धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, गोळा चांदीच्या कागदात गुंडाळला आणि लांब फळीवरून थेट भट्टीच्या पोटात सारला. आत भस्सकन ज्वाळ उठली.

"हे काय केलंत?" कृष्णकांतरावांनी विचारलं.

"रीत हाय. त्यो गोला कुनी खायाचा नाय. त्यो जालायचा."

"कशासाठी?"

"आता मालक गेले, कुनाला इचारू? पन मी कधी चुकवली नाय." आणि पांढरा डोळा त्यांच्यावर रोखून बाबामियाँ म्हणाले, "चुकवलेली बरी नाय."

कृष्णकांतराव बाहेर आले ते उलट्या पावलांनी. वीस मिनिटांनी हमझानं कागदी पिशवी हातात ठेवली. नमाजाची घाई, रांग ओरडायच्या बेतात, हमझानं फळीवर पावाशेजारी जे जे होतं ते सगळं पिशवीत कोंबलं होतं. गाडीत बसून कृष्णकांतरावांनी पिशवी उघडली. वेणी घातलेला तांबूस, सुरेख पाव. आणि त्याच्या कुशीत चांदीच्या कागदाची पुडी. पुडीत कोळशासारखा काळा गोळा. तो गरम होता.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? परत जाऊन म्हटलं असतं, अहो, हे चुकून आलं. पण कृष्णकांतरावांना त्या काळ्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. नावानं आत बोलावून, माणूस येणार याची खात्री करून, मंत्र पुटपुटून, भट्टीत घालून म्हाताऱ्यानं ही वस्तू मुद्दाम त्यांच्याकडे दिली होती. ते गुपचूप उतरले, पुडी बेकरीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि गाडी सुरू केली.

काचेवर टकटक झाली. बाहेर हमझा, घामाघूम, हसतमुख. हातात पुडी.

"सर, आपका सामान. गलती से डस्टबिन में गिर गया."

"थँक यू," कृष्णकांतराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुडी शेजारच्या सीटवर ठेवून ते निघाले. सीटबेल्ट लावला नाही म्हणून गाडी ओरडायला लागली. त्यांनी स्वतःचा पट्टा चाचपला, तो होता. मग ध्यानात आलं, शेजारच्या सीटवर पावाची पिशवी आणि पुडी आहे, आणि गाडीला तिथे कुणीतरी बसलंय असं वाटतंय. पाव दीड किलोचा होता, ही साधी गोष्ट त्यांना त्या वेळी सुचली नाही. कुरुमच्या उतारापर्यंत गाडी ओरडत होती आणि कृष्णकांतराव शेजारी न बघता रामरक्षा म्हणत होते. दोन ओळींनंतर पुढचं आठवेना. तिथे पुढेमागे कुणी नाही असं बघून त्यांनी काच खाली केली आणि पुडी भिरकावून दिली.

अर्ध्या मिनिटात मागून दिवे चमकायला लागले. एक पांढरी लँडक्रूझर हॉर्न देत शेजारी आली आणि आतला माणूस हातानं बाजूला घ्या म्हणून खुणावू लागला. पोलीस, दंड, डिपोर्टेशन, असं सगळं कृष्णकांतरावांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली. पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशातला एक वयस्क ओमानी उतरून संथपणे चालत आला.

"सलाम अलैकुम. हाउ आर यू? फॅमिली गुड? चिल्ड्रन गुड?"

"ऑल गुड," कृष्णकांतराव पुटपुटले.

"अल्हम्दुलिल्ला." त्यानं खिशातून पुडी काढली, तिच्यावरची धूळ फुंकरीनं उडवली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. "फ्रेंड, धिस फॉल फ्रॉम युवर कार. स्टिल हॉट. ब्रेड, नो? ब्रेड नो थ्रो."

तो गेल्यावर कृष्णकांतरावांनी पुडी दोन बोटांत धरून पुन्हा शेजारच्या सीटवर ठेवली. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात डांबरावर पडलेली वस्तू गार होत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. त्यांना एवढंच कळलं, की आपण टाकतो आणि ती परत येते, आणि जितक्या वेळा येते तितकी गरमच असते.

अल् खुवैरला ते पोचले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. शुक्रवारी या वेळी मस्कत बघावं. दुकानांची शटरं खाली, रस्ते रिकामे, माणूस नावाला नाही. दूरच्या मशिदीतून खुत्ब्याचा, शुक्रवारच्या प्रवचनाचा आवाज तेवढा उन्हावरून तरंगत येत होता. इमारतीपाशी तीन गल्ल्या मिळतात. रोज गाडी लावताना ते तिथूनच जात, पण तो तिठा आहे हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. भर दुपार, तिठा आणि हातात ही वस्तू. आत्याच्या शास्त्रात अशा वेळी एकच इलाज होता. वस्तू तिठ्यावर ठेवायची आणि मागे वळून न बघता घर गाठायचं.

पावाची पिशवी छातीशी धरून ते उतरले. तिठ्याच्या मधोमध पुडी ठेवली. वळले. दहा पावलं गेले असतील.

"पोतनीस."

बाईचा आवाज. म्हातारा, खणखणीत, शुद्ध मराठी. रस्त्यावर तर चिटपाखरू नव्हतं.

"पोतनीस कृष्णकांत."

या आवाजाला पूर्ण नाव माहीत होतं. त्यांनी चाल वाढवली.

"पोतनीस, मी तुमच्याशी बोलतेय. थांबा."

थांबतोय कोण? छप्पन्न वर्षांचे, गुडघ्याला पट्टा बांधणारे कृष्णकांतराव जे पळत सुटले ते थेट इमारतीत. लिफ्टमध्ये आरसा आहे आणि आरशात मागचं दिसतं, हे आठवून त्यांनी लिफ्टही घेतली नाही. चार मजले चढून ते दारात कोसळले.

"आधी सांगतो," ते धापा टाकत म्हणाले, "हा पाव बाईंना द्यायचा नाही. यावर काहीतरी केलंय."

"काय केलंय?"

कृष्णकांतरावांनी सगळं सांगितलं. पांढरा डोळा, मंत्र, भट्टी, गोळा, लँडक्रूझर. शैला ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. भुतामुळे नव्हे. तिच्याकडे बाईंना वाढायला या एका पावाशिवाय शिजवलेलं, भाजलेलं काहीच नव्हतं.

"मी महिनाभर या दिवसाची तयारी करतेय," ती म्हणाली. "आणि तुम्ही एक पाव आणायला गेलात तर करणी घेऊन आलात. तो इकडे द्या."

"शैला, नको. तिठ्यावर एक बाई मला हाका मारत होती. रस्त्यावर कोणी नव्हतं आणि हाका मारत होती. पूर्ण नावानं."

शैलानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "बाईंचा फोन आला होता. लवकर निघाल्या त्या. टॅक्सीवाल्याची नमाजाची वेळ झाली, यल्ला, खलास, म्हणजे चला, उतरा आता, म्हणून त्यानं त्यांना आपल्या कोपऱ्यावर उतरवलं. विजेच्या डब्याच्या सावलीत उभी राहते, म्हणाल्या. मी सांगितलं, हे येतीलच आता त्याच वाटेनं, त्यांना हाक मारा." ती नवऱ्याकडे बघत राहिली. "तुम्ही मागे वळून बघितलंत का?"

कृष्णकांतराव खुर्चीवर बसले. एकोणऐंशी वर्षांच्या बाईंना उन्हात सोडून आपण पळालो, हे त्यांना आता नीट कळलं. या क्षणी ती हडळ असती तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात रिबेकाबाई उभ्या होत्या. पांढरे केस, सुती साडी, पायात धावायचे बूट, आणि पुढे केलेल्या हातात चांदीच्या कागदाची पुडी. कृष्णकांतराव पुडीकडे बघत दोन पावलं मागे सरकले.

"पस्तीस वर्षं हजेरी घेतली मी," बाई आत येत म्हणाल्या. "ओ न देणारे पुष्कळ पाहिले. पळून जाणारे तुम्ही पहिलेच. आणि हे रस्त्यात ठेवून गेलात. अजून कोमट आहे."

शैलानं त्यांच्या पायांना हात लावला आणि जे बोलायला लागली ते सगळं एका दमात, बेकरीपासून लँडक्रूझरपर्यंत. बाईंनी पुडी उघडली, काळा गोळा बोटांत फिरवला आणि खुर्चीवर टेकल्या.

"माझी आई करायची हे," त्या म्हणाल्या. "पाव भाजायच्या आधी कणकेतला एक गोळा वेगळा काढायचा, प्रार्थना म्हणायची आणि तो जाळायचा. सगळं पीठ आपलंच नाही, एवढी आठवण राहावी म्हणून. कोण म्हणालात, बाबामियाँ? मालक गेला तरी हा माणूस करतोय." त्यांनी गोळा पुन्हा कागदात गुंडाळला. "पोतनीस, तो खायचा नसतो, एवढंच. वेगळा गुंडाळून टाकला की झालं. तो कुणाच्या मागे लागत नाही."

"पण बाई, तो परत परत येत होता."

"इतक्या स्वच्छ गावात रस्त्यावर टाकलंत तर परत देणारच लोक."

शैलानं नव्या चाकूनं पाव कापला, कागदी प्लेटमध्ये दोन काप ठेवले, शेजारी फळं मांडली आणि प्लेट बाईंपुढे सरकवली.

"बाई, आता तरी खा. सगळं तुमच्या नियमाप्रमाणे केलंय. मी आज गॅससुद्धा पेटवला नाही. आईच्या हातचं तुम्हाला चाललं नाही. ती शेवटपर्यंत बोलून दाखवायची."

बाईंनी प्लेटकडे बघितलं, मग शैलाकडे.

"चाललं नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणायचात. आमच्यात चालत नाही म्हणून."

"मटणात दही घालत नाही आम्ही. शनिवार पाळते. पुरणपोळीला मी जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही." बाईंनी चष्मा काढला. "शैले, मी बसायचे त्या खुर्चीवरून तुमचा तळाला गेलेला पिठाचा डबा दिसायचा. तुझी आई स्वतःच्या वाटणीचं माझ्या बशीत घालायची. नको म्हटलं तर तिला अपमान वाटला असता. धर्माचं नाव पुढे केलं की आग्रह थांबतो. निकालाच्या दिवशी तिनं पाच पोळ्या केल्या होत्या आणि घरात माणसं पाच. गणिताची बाई मी, मोजल्याशिवाय राहवतं का? तिला वाईट वाटेल हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ते नाही आलं."

शैला रडत होती. लपवायचा प्रयत्नही तिनं केला नाही. कृष्णकांतराव खिडकीबाहेर बघत होते, आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"आता रडू नकोस," बाई म्हणाल्या. "हा पाव मी संध्याकाळी, आमचा शनिवार लागला की, शबाथला घेईन थोडा. पण भूक लागली आहे मला, उन्हातून आले आहे. जेवायला काय आहे?"

"काहीच नाही, बाई," शैला हुंदक्यातून म्हणाली. "कालची वांग्याची भाजी आणि भात आहे फ्रिजमध्ये. शिळं आहे."

"गरम कर."

शैला धावली. पाच मिनिटांत स्टीलचं ताट आलं, एरवीचंच. बाईंनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. शैला समोर उभी राहून तो घास घशाखाली उतरेपर्यंत बघत होती. मग दुसरा, मग तिसरा. बाई जेवल्या, अगदी बोटं चाटून जेवल्या. शैलानं पुन्हा वाढलं, त्यांनी पुन्हा खाल्लं. कृष्णकांतरावांनीही आपलं ताट मांडून चमचा हातात घेतला होता, कारण सकाळपासून त्यांच्या पोटात एक कप चहा होता.

"भाजी अजून आहे का गं?" बाईंनी विचारलं.

"पुष्कळ आहे, बाई," शैला म्हणाली आणि राहिलेलं पातेलं तिनं त्यांच्या ताटात पालथं केलं.

बाईंनी पातेल्याच्या तळाकडे पाहिलं. मग कृष्णकांतरावांच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. त्यांना हिशेब कळला होता, पण या वेळी त्या काही बोलल्या नाहीत आणि मुकाट्यानं जेवत राहिल्या. कृष्णकांतरावांनी वेणीचा पाव आपल्याकडे ओढला.